पंचमीचा जनाना खेळ

लातूरच्या गंजामागं, म्हणजे धान्याच्या बाजारामागं, एका बंद पडलेल्या जिनिंगचं पत्र्याचं गोदाम होतं. माणिकप्पांनी ते भाड्यानं घेतलं, आत पडदा टांगला, बाहेर तेलाचं इंजिन बसवलं आणि त्याला टॉकीज म्हणायला सुरुवात केली. या टॉकीजचा मॅनेजर होता शरदचंद्र. मूळचा सोलापूरचा, म्हणजे इंग्रजी मुलखातला. मावशीच्या आधारानं निजामी अंमलात येऊन राहिलेला आणि दोन वर्षांत लातुराला सगळं शिकवून झालं अशी त्याची खात्री.

"अप्पा, सिनेमा पडद्यावर चालत नसतो," तो माणिकप्पांना सांगे. "समोरच्या सतरंजीवर चालत असतो. कोणत्या खेळाला कोण येणार हे मी रिळांची पेटी उघडायच्या आधी सांगतो."

आणि सांगायचाही. मारामारीचा खेळ असला की हमाल आणि गाडीवान. उर्दू गाणी असली की कचेरीतले कारकून, तेही एकमेकांना न दिसतील असे बसणार. देवादिकांचा असला की म्हातारे. इंग्रजी असला की शाळेचे दोन मास्तर, आणि ते कुठं गेले ते बघायला हेडमास्तर. बाजाराच्या दिवशी कोण येणार नाही, उरसात कोण येणार नाही, सप्ता बसला की कोणती गल्ली ओस पडते, हे सगळं त्यानं एका लांबट वहीत लिहून ठेवलं होतं. वाण्याच्या पोराला वहीचं एवढं वेड नसेल.

त्या वर्षी लढाई चालूच होती आणि नागपंचमी गुरुवारी आली. पंचमीला गावात कुस्त्यांची दंगल. पंचक्रोशीतले पैलवान येणार, थेट औशापासूनचे. विजेत्याचं चांदीचं कडं खुद्द माणिकप्पा देणार. अप्पा म्हणाले, "त्या दिवशी टॉकीज बंद ठेवा. तुमच्या खेळाला कुत्रं येणार न्हाई."

शरदचंद्र हसला. त्या हसण्यावर त्याचा फार जीव होता.

"अप्पा, दंगलीला कोण जाणार? पुरुष. मग घरी कोण उरलं?"

अप्पांनी थोडा विचार केला. "म्हशी," ते म्हणाले.

"बायका, अप्पा. वारूळ पुजून झालं, फेर धरून झाले, दुपारी तीन वाजता गावातली प्रत्येक बाई मोकळी. जनाना खेळ लावू. पुरुषाला मज्जाव. दारावर माझी मावशी. आत मशीन चालवणारा रामकिशन सोडला तर मिशीचा केस दिसणार नाही."

"आन् किती येतील?"

वही उघडली गेली. टॉकीजमध्ये चारशे माणूस बसतं. पंचमीला लेकी माहेरी येतात, सुना माहेरी जातात. जेवढ्या आल्या तेवढ्या गेल्या, बेरीज-वजाबाकी शून्य. शरदचंद्रानं गल्लीवार आकडे मांडले आणि खाली रेघ मारली. "अडीचशे. एक कमी नाही, एक जास्त नाही."

खेळही मिळाला तो बायकांचाच. नव्या लग्नाच्या पतिव्रतेचा नवरा साप चावून मरतो आणि ती देवीच्या दारात हट्ट धरून बसते, अशी त्याची हकीकत गाण्यांच्या पुस्तकात छापली होती. 'पुढे काय होते ते पडद्यावर पाहा' असं शेवटी होतं. नांदेडच्या टॉकीजात तो नुकताच लागला होता, तिथून पेटी कोळशावर चालणाऱ्या मोटारीनं येणार होती.

राहिला परवाना. सोमवारी शरदचंद्र तहसील कचेरीपुढच्या लिंबाखाली गेला. तिथं एक म्हातारा अर्जनवीस बसे. उर्दूतला अर्ज त्याच्याकडूनच लिहून घ्यायचा.

"लिहा," शरदचंद्र म्हणाला. "गुरुवारी तीन वाजता जनाना जलसा होणार."

अर्जनवीसानं टाक वर धरला. "क्या होणार म्हणाले?"

"जलसा. आमच्या सोलापुरात जलसाच म्हणतात. मोठ्या अक्षरात लिहा. फक्त बायका येतील. पुरुषांना मज्जाव."

म्हाताऱ्यानं चष्म्याच्या वरून त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं. मग लिहिलं. अर्जाखाली लिहिणाऱ्यानं आपलं नाव घालायचं असतं, ते मात्र त्यानं घातलं नाही, आणि शरदचंद्र उठायच्या आत दौत-टाक गुंडाळून तो घरी निघून गेला.

आता इथं एक गोष्ट शरदचंद्राला ठाऊक नव्हती. सोलापुरात जलसा म्हणजे गाणंबजावणं. निजामाच्या कचेरीत जलसा म्हणजे सभा. आणि त्या काळी परवानगीशिवाय सभा भरवणाऱ्याला कुठं नेतात, हे गावात प्रत्येकाला ठाऊक होतं. फक्त तिथून परत येऊन कुणी नीट सांगत नसे.

अर्जाचं उत्तर आलं नाही. गप्प बसणं म्हणजे होकार, असं शरदचंद्रानं धरलं.

पंचमीला दोन वाजताच मावशीचा निरोप आला. ही तुळजाबाई. लवकर विधवा झालेली, दोन म्हशींच्या दुधावर घर चालवणारी, अंगानं किडकिडीत आणि आवाजानं पहाडी. ती टॉकीजच्या दारात उभी राहून रस्त्याकडं बघत होती.

"शरद, किती म्हणाला होतास रं?"

"अडीचशे, मावशी."

"मग ह्या कोण हायती?"

गंजाच्या रस्त्यानं बैलगाड्या येत होत्या. दंगल बघायला खेड्याखेड्यांतून पुरुष गाड्या जुंपून निघाले, तेव्हा त्यांच्या बायका, बहिणी, माहेरी आलेल्या लेकी, सगळ्या मागं चढून बसल्या होत्या. पुरुष मैदानाकडं उतरले, गाड्या टॉकीजकडं वळल्या. माहेरी गेलेल्या सुनाही भावांना घेऊन दंगलीच्या निमित्तानं परत आल्या होत्या. वहीतली वजाबाकी शरदचंद्राच्या डोळ्यांदेखत बेरीज होऊन चालत येत होती. आणि एकही बाई एकटी नव्हती. एक काखेत, एक बोटाला, एक पदराला. पडदे लावलेले टांगेसुद्धा आले. त्यांतून बुरखे उतरले.

"मावशी, चारशे झाल्या की दार लावून घ्या," शरदचंद्र म्हणाला.

"तू लाव," मावशी म्हणाली. "मला ह्याच गावात दूध घालायचं हाय."

तीन वाजता आत नऊशेच्या वर जीव होते. खिडक्यांना गोणपाट, वर पत्रा, आणि जायला-यायला एकच दार. शरदचंद्राला नियमाप्रमाणं आत जाता येईना. तो बाहेर इंजिनापाशी उभा राहिला आणि वही उघडून पुन्हा मिटत राहिला. आनंद असावा, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

साडेचारच्या सुमारास तो आनंद नव्हता हे स्पष्ट झालं. गंजाच्या कोपऱ्यावरून पोलिसांचे अमीनसाहेब येत होते. मागं सहा जवान, लाठ्या खांद्याला. हे अमीन नवे, हैदराबादेहून आठच दिवसांपूर्वी आलेले. उंच, सडपातळ, बोलणं इतकं हळू की ऐकायला पुढं वाकावं लागे, आणि वाकलं की माणसाला आपली मान किती उघडी पडते ते कळे. त्यांच्या हातात एक कागद होता. शरदचंद्रानं तो लांबूनच ओळखला, कारण त्यावर एकच शब्द मोठ्या अक्षरात होता.

"मॅनेजर कौन?"

"मैं, साब."

"जलसे की इजाजत मिली?"

"अर्जी दिया था साब. जवाब नहीं आया, तो समझ्या..."

"क्या समझे?"

शरदचंद्राला आपण काय समजलो ते आठवेना.

"सदर कौन है?" अमीनसाहेबांनी विचारलं.

सदर म्हणजे दरवाजा, एवढं उर्दू शरदचंद्राला येत होतं. घाईघाईनं म्हणाला, "सदर पे हमारी मौसी है. तुळजाबाई."

अमीनसाहेबांनी मागं पाहिलं. जवानांतल्या जमादारानं वहीत लिहिलं: अध्यक्ष, तुळजाबाई.

"तकरीर कौन कर रही?"

तकरीर म्हणजे भाषण. आतून एका बाईचा मोठा, संतापलेला आवाज येत होता. खेळातली पतिव्रता देवीपुढं उभी राहिली होती. मध्येच शेकडो बायकांचा हुंदका उठे आणि पत्रा थरथरे.

"वो एक बाई है साब," शरदचंद्र म्हणाला. "उसका मरद मर गया. तो वो बोल री है."

"क्या बोल री?"

जवानांत एक किनवटकडचा होता, त्याला मराठी येत होती. त्यानं कान दिला. "इन्साफ मांग री साब."

"किससे?"

जवानानं पुन्हा ऐकलं. "कहती है, वर बसणाऱ्यांनो, तुमचे डोळे फुटले का. वर बसनेवाले, याने जो ऊपर बैठे हैं."

वर कोण बसलंय, याचा अमीनसाहेबांनी क्षणभर विचार केला. त्यांच्या वर तहसीलदार होते, त्यांच्या वर तालुकदार, आणि त्यापुढचं नाव तर उच्चारायचंसुद्धा नाही.

"साब, ये सिनेमा है," शरदचंद्र कसाबसा म्हणाला. "सिनेमे में बोल री है."

"सिनेमे के नाम पे कहाँ-कहाँ क्या-क्या हुआ है, मेरे को मालूम है," अमीनसाहेब हळूच म्हणाले. "नौ सौ औरतां. गाँव-गाँव से गाड़ियाँ. मर्दों को मनाई. इंजिन बंद करो."

जवानानं इंजिनाचा पट्टा उतरवला. इंजिन दोनदा भकभकलं आणि थांबलं.

ती शांतता शरदचंद्र जन्मभर विसरला नाही. आवाज आधी मेला, मग पडदा काळा झाला असावा. एक पोर रडलं, मग दहा, मग शंभर. गोदामात उठाउठ सुरू झाल्याचा धप्पधप्प आवाज आला. शरदचंद्राच्या डोळ्यांपुढं ते एकच दार आलं. दोन माणसं शेजारी उभी राहिली तर तिसऱ्याला वाट नाही असं दार. नऊशे बायका त्यावर लोटल्या तर सतरंजीवर काय उरेल, हे त्याला वही न उघडता दिसलं.

आतून मावशीचा आवाज आला. म्हशींना गावाबाहेरून हाक मारणारा तोच आवाज.

"हलू नगा गं कुणी. हाय तिथंच बसा. लेकरं मांडीवर घ्या. कडंच्या बायांनो, गोणपाट वर करा."

खिडक्यांचे गोणपाट एकेक करून वर गेले. धप्पधप्प थांबली. शरदचंद्रानं इंजिनाचा आधार घेतला. ते तापलेलं होतं हे त्याला पुष्कळ वेळानं कळलं.

थोड्या वेळानं मावशी बाहेर आली. पदर सावरून अमीनसाहेबांपुढं उभी राहिली.

"सबको बाहर निकालो," अमीनसाहेब म्हणाले. "एक-एक करके."

"न्हाई निघणार सायेब."

"क्यों?"

"आत मुडदा हाय."

जवानांच्या लाठ्या खाली आल्या. अमीनसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. मुडदा म्हणजे खून, खून म्हणजे पंचनामा, आणि नऊशे साक्षीदार, सगळ्या बाया.

"तसा मुडदा न्हवं," मावशी म्हणाली. "खेळातला. बाईचा नवरा साप डसून मेलाय. आन् आज हाय पंचमी. सकाळी नागाला पुजून आलेल्या बाया हायत ह्या. नवरा नागानं मारलेला बघून उंबऱ्याबाहेर पाय टाकला, तर घरच्या कुंकवाचं काय? त्यो उठल्याबिगर एकबी उठणार न्हाई. मीबी म्हणलं उठा. मलाच म्हणल्या, तुझं काय जातंय, तुझा आधीच गेलाय."

शेवटचं वाक्य ती सहज बोलली आणि नाक पुसून उभी राहिली. किनवटच्या जवानानं ते साहेबांना सांगितलं, शेवटचं वाक्य सोडून.

एवढ्यात मैदानाच्या बाजूनं धुरळा उठला. पोलिसांनी बायका गोदामात कोंडल्या, अशी आवई दंगलीत पोचली होती. चांदीच्या कड्याची शेवटची कुस्ती सोडून अख्खं मैदान टॉकीजकडं पळत सुटलं होतं. पुढं लाल मातीनं माखलेले पैलवान, लंगोटावरच. त्यांच्यामागं हजारभर माणसं, काहींच्या हातांत गाडीच्या खुंट्या. सगळ्यांच्या पुढं, गळ्यात झेंडूचा हार आणि हातात चांदीचं कडं, माणिकप्पा.

जवान पाठीला पाठ लावून उभे राहिले. सहा लाठ्या. अमीनसाहेबांचा हात कमरेच्या पिस्तुलाकडं गेला, आणि त्यांना पट्ट्याचं बटण सापडेना हे शरदचंद्रानं पाहिलं. त्या माणसालाही आपल्याइतकीच भीती वाटतेय, हे कळल्यावर त्याला धीर यायला हवा होता. उलट उरलासुरला होता तोही गेला. भ्यायलेल्या माणसाच्या हातात हत्यार म्हणजे काय, हे त्याला सोलापुरात दिसलं होतं.

"कोण कोंडलंय आमच्या बायास्नी?" एक पैलवान गरजला. "काढा भायेर."

"काढतोच," असं म्हणत दहाबारा जण दाराकडं सरकले.

मावशी दारात आडवी झाली. "कुणाचा नवरा हायस रं तू?" तिनं पहिल्यालाच विचारलं.

"निलंग्याच्या सिंधूचा."

"सिंधू आत हाय. खुशाल हाय. आता ऐक." आणि तिनं सगळं पुन्हा सांगितलं. नवरा, साप, पंचमी, कुंकू.

पैलवानाचा पाय जागीच थांबला. त्यानं मागच्याला सांगितलं, त्यानं त्याच्या मागच्याला. बातमी हजार माणसांतून वाऱ्यासारखी मागं गेली आणि जाईल तिथं माणूस गप्प होत गेला. साऱ्या जमावानं एक पाऊल मागं घेतलं.

"बायास्नी भायेर काढू नगा," मागून एक घाबरा आवाज आला. "आदी त्येला उठू द्या."

"हाव. आदी उठू द्या."

"सायेब, इंजिन लावा," तोच पैलवान आता हात जोडून म्हणत होता. "आमी हजार जण हाव हितं. सगळ्यांच्या बाया आत हायत."

अमीनसाहेबांची नजर गर्दीवर नव्हती. ती कडेला उभ्या असलेल्या एका पडदा लावलेल्या टांग्यावर खिळली होती. टांगेवाला खाली मान घालून चाबकाशी खेळत होता. तो अमीनसाहेबांच्याच घरचा टांगा होता.

ते शरदचंद्राजवळ आले आणि नेहमीपेक्षाही हळू आवाजात म्हणाले, "उसको जिंदा होने में और कितना टाइम लगता जी?"

"एकच रीळ, साब. दहा मिनट."

"जिंदा होता ना? पक्का?"

"होणारच साब," शरदचंद्र म्हणाला. "बायकांचा खेळ आहे. नवरा मेलेलाच ठेवला तर बघायला येईल कोण?" हे तो इतक्या वर्षांच्या अभ्यासानं बोलला होता. नियमच होता तो.

इंजिन सुरू झालं. मावशीनं गोणपाट खाली सोडायला लावले. बाहेर हजार माणसं, सहा जवान आणि एक अमीन, सगळे पत्र्याला कान लावल्यासारखे उभे राहिले.

तेवढ्यात मशीनच्या खोलीची फळी किलकिली झाली. रामकिशनचं घामेजलेलं तोंड दिसलं. त्यानं खुणेनं शरदचंद्राला जवळ बोलावलं.

"मॅनेजरसाब, अकरावा डबा उघडला."

"मग लाव की."

"त्यात आपलं रीळ न्हाई. लढाईच्या बातम्यांचं हाय. नांदेडवाल्यांनी डबे बदलून पाठवले. आपलं शेवटचं तिथंच राहिलं जणू."

नवरा नांदेडला राहिला होता. ऐंशी मैलांच्या वर चिखलाचा रस्ता. इकडं दहा मिनटांत त्याला लातुरात उठायचं होतं, नाहीतर हे हजार नवरे इथंच रांगेनं आपल्याला विचारणार होते.

"काय करू?" रामकिशन म्हणाला. "बातम्या लावू? तोफाबिफा दिसतील."

"तो जिवंत कुठल्या रिळात आहे?"

"सुरवातीला. दुसऱ्यात. लग्न हाय त्यांचं."

"तेच लाव," शरदचंद्र म्हणाला. "आणि कुणी बोंब मारली तर इंजिन मीच बंद करतो. मग जे व्हायचं ते होवो."

तो पत्र्याच्या भिंतीला कपाळ टेकून उभा राहिला. आत आधी खरखर झाली. मग सनई. मग क्षणभर काहीच नाही; त्या क्षणात शरदचंद्रानं आपल्या आईची, कुलदैवताची आणि सोलापूरच्या रस्त्याची आठवण काढली. मग अंतरपाट दूर होऊन नवरदेवाचं तोंड दिसलं असावं, कारण आतून एकदम नऊशे बायकांचा श्वास सुटल्यासारखा आवाज आला.

"उठला गं बाई."

"देवीनं परत लगीन लावून दिलं."

"चुडा बघ, नवा कोरा."

पत्रा टाळ्यांनी दणाणला. बाहेर पैलवानानं डोळे पुसले. मातीचा ओघळ गालावर उतरला. अमीनसाहेबांनी टोपी काढून पुन्हा घातली.

मध्ये एकदाच आतून तक्रारीचा सूर आला. पाचव्या रिळात मेलेली खाष्ट सासूही लग्नात मिरवत होती. "अगं, सासू बी उठली की," कुणीतरी हळहळलं. "एवढं देवीनं बरं न्हाई केलं."

बायका एकेक करून बाहेर पडल्या. मावशी दारात उभी राहून प्रत्येकीला हातानं थोपवून सोडत होती. खरचटलंसुद्धा नाही कुणाला. गाड्या जुंपल्या, टांगे गेले. माणिकप्पांनी हातातलं कडं बघितलं, रिकाम्या मैदानाकडं बघितलं आणि ते शरदचंद्राला म्हणाले, "शेवटच्या कुस्तीला पंच आन् दोन कुत्री उरली होती. तुमच्या वहीत लिहून ठेवा." मग हार काढून इंजिनाला घातला आणि निघून गेले.

जाताना अमीनसाहेब म्हणाले होते, "कल सुबह कचेरी में."

शरदचंद्र सकाळी वळकटी घेऊनच गेला. मावशीनं त्यात घोंगडी, तांब्या आणि महिनाभर पुरेल एवढी शेंगदाण्याची चटणी बांधली होती. चटणीच्या प्रमाणावरून तिला किती दिवसांची शिक्षा वाटतेय ते त्याला कळलं. वाटेत ओळखीची माणसं समोर आली की रस्ता बदलत होती.

अमीनसाहेबांनी त्याला बसायला सांगितलं. त्यांच्यापुढं तोच अर्ज होता. खाली लाल शाईत लिहिलेलं त्यांनी वाचून दाखवलं: जलशाची परवानगी नामंजूर. "दस्तखत करो."

शरदचंद्रानं केली. पुढं काय, म्हणून तो वळकटीच्या दोरीशी चाळा करत राहिला.

अमीनसाहेबांनी दारावरच्या जवानाला बाहेर पाठवलं. "कल की रिपोर्ट में मैं लिख दिया, सिनेमा था, जलसा नहीं था. उसका हो गया." ते थांबले. खुर्चीत अवघडले. "बेगम रातभर पूछ री. मरद कैसा उठा, वो तो दिखा नहीं. सीधा शादी. देवी क्या बोली? जहर कौन उतारा? और सास कायको उठी?"

शेवटचं रीळ शरदचंद्रानंही पाहिलं नव्हतं. पण सगळे खेळ असेच संपतात. त्यानं धीर करून सांगायला सुरुवात केली. देवी प्रसन्न झाली, नाग स्वतः आला, डसलेल्या जागी तोंड लावून विष परत घेतलं. सासूला पश्चात्ताप झाला म्हणून तिलाही सवलत. अमीनसाहेब मान हलवत होते, मधूनमधून कागदावर टिपून घेत होते. शेवटी म्हणाले, "अच्छा है. बहुत अच्छा है. जाओ." कचेरीतून बाहेर पडताना शरदचंद्राचे पाय जमिनीला लागत नव्हते. चटणीची वळकटी तिथंच राहिली. ती परत मागायची हिंमत त्याला झाली नाही.

रविवारी नांदेडची मोटार आली. अकरावं रीळ आलं. टॉकीज रिकामी होती, रामकिशन म्हणाला, "एकदा बघून तर घेऊ, कसा उठतो ते." दोघं सतरंजीवर बसले.

पतिव्रता देवीपुढं डोकं आपटत होती. नाग आला. शरदचंद्रानं रामकिशनला कोपरानं ढोसलं. नागानं फणा काढला, सरसर पुढं सरकला आणि पतिव्रतेलाच डसला. ती नवऱ्याच्या छातीवर कोसळली. दोघांची चिता पेटली, ज्वाळा वर गेल्या, ज्वाळांवर 'समाप्त' ही अक्षरं आली. सासू कुठंच नव्हती.

मशीन रिकामंच फिरत राहिलं. पट्टीचं टोक चाकावर फटफट वाजत होतं, तरी कुणी उठेना.

नांदेडकरांनी डबे नीट लावले असते तर. एवढंच शरदचंद्राच्या मनात आलं आणि त्याला दरदरून घाम फुटला. पोलिसांपुढं, जमावापुढं, कचेरीत फुटला नव्हता एवढा. नऊशे बायका, पंचमी, आणि चिता. बाहेर हजार नवरे.

रामकिशननं मशीन बंद केलं आणि विचारलं, "आज संध्याकाळी कोणतं लावू?"

शरदचंद्रानं रीळ डब्यात घातलं, झाकण ठोकून बसवलं, वरून सुतळीच्या चार गाठी मारल्या आणि नांदेडला परत जाणाऱ्या मोटारीच्या टपावर स्वतःच्या हातानं चढवलं.

"लग्न," तो म्हणाला. "लातुरात लग्नच."

तो खेळ पुढं तीन आठवडे चालला. त्यानंतर शरदचंद्रानं वहीत कोण येणार ते लिहिणं सोडून दिलं. आता तो प्रत्येक खेळाचं शेवटचं रीळ आधी एकटा बघायचा, दाराच्या अगदी जवळ बसून, चपला पायातच ठेवून.